टाचदुखी, वारंवार येणारे कुरूप आणि वडिलांचा मधुमेह: पादचिकित्सक नेमके काय करतात?

प्रश्न

गेल्या सात महिन्यांपासून माझी उजवी टाच दुखते आहे. सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल जमिनीवर टेकले की टाचेच्या आतल्या बाजूला खिळा रुतल्यासारखी कळ येते, दहा-पंधरा पावले चालल्यावर ती ओसरते आणि संध्याकाळी थोडा वेळ बसून उठले की पुन्हा तीच गत होते. मी शिक्षिका असल्यामुळे दिवसाचे पाच-सहा तास उभ्यानेच जातात. एक्स-रेमध्ये टाचेचे हाड वाढल्याचे दिसले, आणि तेव्हापासून ते हाड कापून काढल्याशिवाय हे दुखणे जाणार नाही या विचाराने मी धास्तावले आहे.

याच पायाच्या करंगळीवर बाहेरच्या बाजूला कुरूप आहे. बाजारात मिळणारी औषधी पट्टी मी आतापर्यंत तीन वेळा लावली. दर वेळी पांढरी कातडी निघून येते आणि दीड-दोन महिन्यांत कुरूप पुन्हा जिथल्या तिथे उभे राहते. चवड्याखालीही तसाच एक कडक ठिपका आहे, पण ते कुरूप आहे की चामखीळ, हे मला ओळखता येत नाही.

पादचिकित्सक म्हणजे पोडियाट्रिस्ट या तक्रारींवर नेमके काय उपचार करतात? आणि शस्त्रक्रियेखेरीज मार्ग आहे का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद १ (पादचिकित्सक)

सर्वप्रथम त्या वाढलेल्या हाडाची भीती मनातून काढून टाका. टाच कधीही न दुखलेल्या अनेकांच्या एक्स-रेमध्ये असे टोक दिसते आणि टाचेने हैराण झालेल्या अनेकांच्या एक्स-रेमध्ये ते मुळीच नसते. त्यामुळे केवळ ते दिसले म्हणून कापावे, असा निष्कर्ष निघत नाही. तुम्ही केलेले वर्णन प्लांटर फॅसायटिसचे आहे, तरी प्रत्यक्ष तपासणीनंतरच ते पक्के म्हणता येईल. टाचेच्या हाडापासून निघून बोटांच्या मुळांपर्यंत जाणारा एक चिवट पट्टा तळपायात असतो आणि पावलाची कमान तोलून धरण्याचे काम तो करतो. त्याच्या झेपण्यापलीकडे भार दीर्घकाळ पडत राहिला की तो टाचेपाशी जाड होतो आणि दुखू लागतो. रात्रभर पाऊल खाली झुकलेल्या अवस्थेत राहिल्याने हा पट्टा आखडतो आणि सकाळच्या पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो. पहिल्याच पावलाला कळ येण्याचे कारण हे आहे.

आमच्याकडे आलेल्या रुग्णाची तपासणी पायापेक्षाही आधी चपलेपासून सुरू होते, असे म्हटले तरी चालेल. तळ कोणत्या बाजूने झिजला आहे, टाचेखालची गादी बसली आहे का आणि बूट मधोमध वाकतो की बोटांपाशी, हे पाहिले की रुग्णाने तोंड उघडण्याआधीच बरेच काही कळते. त्यानंतर घोटा किती वर वळतो ते पाहतो, कारण पोटरी आखडलेली असेल तर तिचा सगळा ओढा तळपायाच्या पट्ट्यावर येतो. मग टाचेच्या आतल्या कडेला अंगठ्याने दाबून दुखरी जागा नेमकी शोधतो. टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर दुखत असेल, तर हाडाला बारीक तडा गेल्याची शंका घ्यावी लागते, आणि मुंग्या किंवा जळजळ होत असेल, तर दबलेल्या मज्जातंतूचा विचार करावा लागतो.

उपचाराचा कणा म्हणजे व्यायाम. बसून उजवा पाय डाव्या गुडघ्यावर ठेवा, बोटे मुळाशी धरून नडगीच्या दिशेने ओढा आणि दुसऱ्या हाताने तळपाय चाचपून पाहा. सतारीच्या तारेसारखा ताणलेला पट्टा हाताला लागला, तर ताण योग्य जागी पडतो आहे असे समजावे. तो 10 सेकंद धरून ठेवा, असे 10 वेळा करा आणि दिवसातून तीनदा करा. पहिली फेरी मात्र सकाळी पाय जमिनीला लागण्यापूर्वी, अंथरुणातच व्हायला हवी. कळ थोडी कमी झाल्यावर गुंडाळलेला टॉवेल बोटांखाली ठेवून, पायरीच्या कडेवर उभे राहून टाच सावकाश उचलण्याचा आणि तितक्याच सावकाश खाली नेण्याचा व्यायाम एक दिवसाआड सुरू करता येतो. त्याने पट्टा भार सोसायला पुन्हा समर्थ होतो. सुरुवातीच्या आठवड्यांत चिकटपट्टी बांधून कमानीला आधार देणे किंवा बुटात टाचेखाली गादी घालणे याने आराम पडतो. पावलाच्या मापाने बनवलेला महागडा इनसोल प्रत्येकाला लागतोच असे नाही, आणि तयार इनसोलने भागत असेल तर मी तोच सुचवते. घरातही अनवाणी न फिरणे आणि सलग उभे राहण्याचे तासांचे तुकडे पाडणे या दोन गोष्टींकडे लोक सर्वांत जास्त दुर्लक्ष करतात.

बहुतेकांचे दुखणे वर्षभराच्या आत शस्त्रक्रियेविनाच बरे होते. न झाल्यास शॉकवेव्हचा, म्हणजे यंत्राने टाचेवर बाहेरून ध्वनिलहरींचे धक्के देण्याचा, पर्याय आहे, आणि शस्त्रक्रिया ही त्याहीनंतरची पायरी आहे.

आता कुरूप. कुरूप ही त्वचेने स्वतःच्या बचावासाठी उभारलेली भिंत आहे, आणि एका छोट्या जागी दाब सतत एकवटला की ती आत सुळक्यासारखी घुसते. मी धारदार पात्याने वरचे थर एकेक करून उतरवते, तेव्हा कांद्याच्या पापुद्र्यासारखे पारदर्शक पापुद्रे निघत जातात आणि शेवटी मधोमध पिवळसर, काचेसारखा कठीण कण दिसतो. तो निघाला की रुग्णाला खुर्चीतून उठताक्षणीच फरक जाणवतो. काम नीट झाले तर यात रक्ताचा थेंबही येत नाही आणि भूल द्यावी लागत नाही. मात्र मी कितीही कौशल्याने कण काढला तरी करंगळी तुमच्या बुटाच्या कडेला घासत राहिली, तर दोन महिन्यांत तो पुन्हा तयार होणारच. तुमच्या पट्ट्या अयशस्वी ठरल्या त्या याच कारणाने. रुंद पंजाचा बूट आणि करंगळीवर सिलिकॉनचे आवरण या दोन्ही गोष्टी कापण्याइतक्याच उपचाराचा भाग आहेत.

चवड्याखालच्या ठिपक्यासाठी घरच्या घरी एक परीक्षा करून पाहा. सरळ वरून दाबल्यावर जास्त दुखले तर ते बहुधा कुरूप असते आणि दोन बोटांच्या चिमटीत बाजूंनी दाबल्यावर जास्त दुखले तर बहुधा चामखीळ. शिवाय त्वचेवरच्या रेषा कुरुपावरून सरळ जातात, तर चामखिळीपाशी त्या वळसा घेतात, आणि चामखिळीचा वरचा थर काढल्यावर काळे ठिपके दिसतात. ती मुळे नसून रक्त गोठलेल्या सूक्ष्म वाहिन्या असतात. चामखीळ विषाणूमुळे होते, त्यामुळे तिचे उपचार वेगळे आहेत आणि त्यांना वेळ लागतो. बऱ्याच चामखिळी, विशेषतः मुलांच्या, आपणहून जातात.

प्रतिसाद २ (याच दुखण्यातून गेलेला रुग्ण)

वरील प्रतिसादाला माझ्या अनुभवाची जोड देतो. मला टाचेत स्टेरॉइडचे इंजेक्शन देण्यात आले होते आणि आठवड्याभरात दुखणे जवळजवळ नाहीसे झाले. बरे झालो या समजुतीने मी लगेच धावणे सुरू केले, व्यायाम एक दिवसही केला नाही आणि अडीच महिन्यांनी दुखणे पहिल्यापेक्षा जोरात परत आले. दुसरे इंजेक्शन मागायला गेलो, तेव्हा वारंवार इंजेक्शने घेतल्याने तळपायाचा पट्टा तुटण्याचा आणि टाचेखालची नैसर्गिक चरबीची गादी पातळ होण्याचा धोका असतो, हे मला पहिल्यांदा सांगण्यात आले. ते आधी कळले असते तर मी इंजेक्शनच्या बळावर धावलो नसतो. पुढे पायरीवरचा व्यायाम चार महिने नेमाने केला. पहिले पाच-सहा आठवडे काहीच फरक पडत नाही असे वाटते, आणि बहुतेक लोक नेमके तेव्हाच सोडून देतात.

प्रश्नकर्ती

आपणा दोघांचे मनापासून आभार. चिमटीत दाबून पाहिले, चवड्याखालचे कुरूपच असावे असे वाटते.

एक गोष्ट मात्र लिहिताना हात थरथरतो आहे. माझ्या वडिलांना सोळा वर्षांपासून मधुमेह आहे. माझ्याकडे उरलेली औषधी पट्टी त्यांनी गेल्या आठवड्यात स्वतःच्या अंगठ्याखालच्या घट्ट्यावर लावली, हे मला आजच कळले. पट्टी काढून पाहिली तर कातडी पांढरी, भिजल्यासारखी झाली आहे आणि मधोमध छोटा खड्डा पडला आहे. त्यांना तिथे अजिबात दुखत नाही, म्हणून ते काळजीचे कारण नाही असे म्हणतात.

प्रतिसाद १ (पादचिकित्सक)

ताई, दुखत नाही हेच काळजीचे सर्वांत मोठे कारण आहे. एक दिवसही न दवडता त्यांना मधुमेही पावलांवर उपचार करणाऱ्या केंद्रात किंवा त्यांच्या डॉक्टरांकडे न्या. खड्ड्याभोवती लाली पसरत असेल, पू किंवा दुर्गंधी असेल, पाय गरम लागत असेल किंवा ताप असेल, तर उद्याची वाटही पाहू नका आणि थेट रुग्णालय गाठा. तोपर्यंत जखम स्वच्छ कोरड्या ड्रेसिंगने झाका, त्या पायावर चालणे जवळजवळ बंद ठेवा आणि पट्टी, पाते, मलम यांपैकी काहीही लावू नका.

त्या पट्टीत सॅलिसिलिक ॲसिड असते. ते कुरूप आणि निरोगी त्वचा यांत भेद करत नाही. तुमच्या पायावर ते जास्त झोंबले असते तर तुम्ही पट्टी ओढून काढली असती. वडिलांच्या मज्जातंतूंनी तो इशाराच दिला नाही. पॉल ब्रँड या शल्यचिकित्सकाने वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर काम करताना दाखवून दिले की हातापायांच्या जखमा आणि झीज प्रामुख्याने वेदना हरपल्यामुळे रोज होत राहणाऱ्या दुखापतींतून येतात. मधुमेही पावलाच्या काळजीचा पुष्कळसा विचार पुढे याच समजुतीवर उभा राहिला. वेदना हा पावलाचा पहारेकरी आहे, आणि तुमच्या वडिलांच्या पावलावरचा पहारा बहुधा उठला आहे.

तिथे 10 ग्रॅम दाबाला वाकणाऱ्या नायलॉनच्या तंतूने तळपायाला ठिकठिकाणी स्पर्श करून संवेदना तपासतील, 128 हर्ट्झच्या कंपनकाट्याने कंपने जाणवतात का ते पाहतील आणि पावलावरची व घोट्यामागची नाडी चाचपतील, कारण रक्तपुरवठा अपुरा असेल तर कोणतीही जखम भरत नाही. जखमेच्या कडेचा घट्टा पात्याने काढला जाईल. तो तसाच ठेवला तर खालच्या जखमेवर दाब देत राहतो. सर्वांत महत्त्वाचा उपचार म्हणजे त्या जागेवरचा भार उतरवणे. त्यासाठी गुडघ्याखालपर्यंत घट्ट बसणारे, भार संपूर्ण तळव्यावर आणि पोटरीवर वाटून देणारे प्लास्टर घालण्याची पद्धत आहे. ड्रेसिंग कितीही भारी असले आणि माणूस त्याच जखमेवर चालत राहिला, तर ते व्यर्थ आहे.

प्रतिसाद ३ (मधुमेहतज्ज्ञ)

एक भर घालतो. मधुमेही व्यक्तीचे पाऊल एकाएकी लाल, गरम आणि सुजलेले दिसले, जखम नसली आणि दुखणेही फारसे नसले, तरी ते मुरगळणे किंवा साधा संसर्ग समजून सोडून देऊ नये. संवेदना हरपलेल्या पावलातील हाडे आणि सांधे ढासळू लागल्याचे, म्हणजे शार्को फूटचे, ते लक्षण असू शकते. सुरुवातीचा एक्स-रे निर्दोष येऊ शकतो. निदान होईपर्यंत पायावर भार न देणे, एवढ्यानेही पावलाचा आकार वाचू शकतो.

प्रश्नकर्ती

पाच आठवड्यांनी लिहिते आहे. वडिलांना दुसऱ्याच दिवशी नेले. तपासणीच्या वेळी त्यांनी डोळे मिटले होते आणि स्पर्श जाणवला की "हो" म्हणायचे होते. तंतू अंगठ्याखाली, मग बाजूला, मग चवड्याच्या मध्यावर टेकून वाकत होता, ते मी पाहत होते. बाबा शांत बसून होते आणि थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "अजून सुरू केले नाही का?" त्यानंतर त्यांनी घट्ट्यावर पट्टी लावण्याचा विषय पुन्हा काढलेला नाही.

जखमेत संसर्ग नव्हता. त्यांच्या बुटात आतून उसवलेली एक जाड शिवण नेमकी त्या घट्ट्याच्या जागी सापडली. जखम आता मसुराच्या दाण्याएवढी उरली आहे आणि प्लास्टर दर आठवड्याला बदलतात. माझी टाच सकाळी अजून दुखते, पण आता तीन-चार पावलांतच मोकळी होते.

त्यांच्या अंगठ्याचे नख जाड आणि पिवळे झाले असून एका कोपऱ्यात आत वळते आहे. ते मी घरी कापले तर चालेल का?

प्रतिसाद १ (पादचिकित्सक)

जखम भरत आली हे वाचून फार बरे वाटले. नख मात्र घरी कापू नका, पुढच्या भेटीत तिथेच कापून घ्या. ते कोपऱ्यात खोल गोलाई देऊन कापले की टोक मांसात रुतते, आणि त्यांच्या बाबतीत ते रुतल्याचे कळणारही नाही. तुमची स्वतःची नखे सरळ रेषेत आणि फार आखूड न करता कापा. नख वारंवार रुतू लागले तर बोट बधिर करून कडेची पट्टी काढता येते आणि तिच्या मुळाशी फिनॉल हे रसायन लावून ती पुन्हा उगवणार नाही अशी व्यवस्था करता येते. त्यांच्यासाठी तो निर्णय रक्तपुरवठा तपासल्यावरच घ्यावा लागेल. जाड पिवळे नख दर वेळी बुरशीमुळेच होते असेही नाही. दाबाने, माराने किंवा सोरायसिसमुळेही ते तसे दिसते. म्हणून गोळ्या सुरू करण्यापूर्वी नखाचा कीस तपासणीसाठी पाठवायला सांगा. भेटीला जाताना त्यांचे रोजचे बूटही सोबत न्या, आणि घरी बूट घालण्यापूर्वी दर वेळी आत हात फिरवून पाहण्याचे काम सध्या तुम्ही स्वतःकडे घ्या.