हलव्याला काटा येत नाही, दाणे चिकटतात (बोरन्हाणाचे दागिने) – मदत हवी आहे

रानजाई
संक्रांतीनंतरच्या रविवारी सव्वा वर्षाच्या मुलाचं बोरन्हाण आहे. दागिने घरच्या हलव्याचेच करायचे आहेत. मुक्काम ठाणे.
पाव वाटी तीळ आणि पाव वाटी साबुदाणा एकत्र घेतले. पाक 2 वाट्या साखर, 1 वाटी पाणी आणि अर्ध्या लिंबाचा रस असा. मध्यम आचेवर कढईत, एका वेळी मोठा चमचाभर पाक घालून हलवलं. दोन दिवस झाले. दाणे पांढरे झालेत, पण गुळगुळीत. सकाळी डबा उघडला तर सगळे एकमेकांना चिकटलेले, तळाशी साखरेची भुकटी. हा घाणा वाचेल का?
शिवाय दागिन्यांसाठी दाणे ओवायचे कसे? सुई घातली की फुटतात.

साखरगाठ
चिकटपणा लिंबामुळे आलाय. आंबटात उकळली की साखर फुटते आणि अशी साखर हवेतली ओल ओढून घेते. ठाण्याच्या हवेत तर लगेच. एवढ्या पाकाला लिंबाचे दोन-तीन थेंब पुष्कळ, तेही पातेल्यात पाकाची साखर होऊ नये म्हणून. पाक पांढराशुभ्र हवा असेल तर उकळी आल्यावर चमचाभर दूध घाला, वर येणारी मळी काढा आणि पाक पातळ कापडातून गाळून घ्या.

काटा न येण्याचं कारण पाकाचं माप. चमचाभर पाक एकदम पडला की दाण्यावरचे खळगे भरून जातात आणि दाणा गोटीसारखा होतो. अर्ध्या वाटी दाण्यांना एका वेळी अर्धा छोटा चमचा, तोही पसरून, थेंब थेंब. लगेच बोटांच्या टोकांनी हलकं फिरवायचं, दाबायचं नाही. दाणे कोरडे होऊन सळसळ वाजायला लागले की मगच पुढचा पाक. पाक कच्चा एकतारी ठेवा. घट्ट झाला तर दाण्यावर न बसता भुकटी होऊन खाली पडतो, तुमच्या तळाची साखर तीच. तो कोमट राहायला हवा, म्हणून वाटी गरम पाण्यात ठेवा.

आच अगदी मंद, परातीखाली तवा. बोटाला चटका बसला तर आच जास्त आहे. त्याने हलवा पिवळा पडतो आणि आलेला काटाही बसतो. रोज दोन-तीन तास धरले तर तिसऱ्या दिवशी काटा दिसायला लागतो. रात्री डब्यात कोंबू नका, परातीतच पातळ कापडाखाली थंडीत राहू द्या. दमट रात्र असेल तर मात्र गार झाल्यावर झाकण लावा.

ओटीभरण
घाणा टाकू नका. दाणे हाताने मोकळे करून चाळणीने भुकटी काढा. तीळ आणि साबुदाणा वेगळे करा. लहान-मोठे दाणे एकत्र असले की मोठे पाक खातात आणि लहान कोरडे राहतात. मग बिनलिंबाचा नवा पाक देत चला.
पुढच्या वेळी तीळ नुसते कोमट करा, खमंग भाजू नका. तेल सुटलं की पाक धरत नाही.

दुपदरी
हलवा सुईने ओवत नाहीत, बांधतात. गोधडीचा जाड पांढरा दोरा दुपदरी घ्या, दाणा दोन पदरांच्या मधे धरा आणि त्याच्या पुढे-मागे गाठ मारा. काट्यात दोरा अडकतो, म्हणून गुळगुळीत दाणा निसटतो आणि काटेरी टिकतो. हार आणि बाजूबंदाला साबुदाण्याचा किंवा शेंगदाण्याचा हलवा बरा, तिळाचा बारीक पडतो.

मुकुट आणि बासरी चिकटवायची. पुठ्ठ्यावर काळं कापड ताणून बसवा, कडेला सोनेरी कागद. काळ्यावरच पांढरा काटा उठून दिसतो. गोंदाचा टिपका टाकून तो जरा सुकून चिकट झाला की मग दाणा ठेवा. ओल्या गोंदातलं पाणी काटा विरघळवतं, दागिने पिवळट दिसतात ते बहुतेक यामुळेच. आदल्या दिवशी करून ठेवायचे असतील तर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. फ्रिजमध्ये मुळीच नको, बाहेर काढल्यावर दव धरतं.

रानजाई
सगळ्यांचे खूप आभार. लिंबाचं अजिबात लक्षात आलं नव्हतं. मुकुटाला मागे नाडी लावू की इलॅस्टिक?

दुपदरी
मऊ इलॅस्टिक, सैलसर. हाराला मागे गाठ नको, वेल्क्रोचा तुकडा लावा. बाळाने ओढला तर सुटला पाहिजे. दाणा तोंडात जाऊ नये म्हणून हार पाच-दहा मिनिटं, फोटोपुरताच.

ओटीभरण
एक काळजी मनापासून सांगते. सव्वा वर्षाच्या बाळाला शेंगदाणे, हरभरे, हलवा, गोळ्या, उसाचे करवे घशात अडकू शकतात. बाळाच्या डोक्यावरून फक्त चुरमुरे आणि सुट्या फुलांच्या पाकळ्या टाका. बोरं, करवे आणि हलवा मोठ्या मुलांना हातात वाटा. मुलं वेचायला धावतात तेव्हा बाळ कडेवर हवं. नंतर सतरंजी झटकून दाणे शोधा, रांगत्या हाताला राहिलेला एक दाणाही सापडतो.