साथीच्या काळात नव्या निवासी डॉक्टरांना पुतळ्यावर शिकवावे का?

प्रश्न (प्राध्यापिका, मेडिसिन विभाग, कोल्हापूर)

नीट पीजी २०२१ ही वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा एप्रिलवरून ११ सप्टेंबरवर गेली, पुढे प्रवेशही रखडले आणि पहिल्या वर्षाचे निवासी डॉक्टर आमच्याकडे आले ते २०२२ च्या सुरुवातीस, ओमायक्रॉनची लाट पुरती ओसरलेली नसताना. त्यांतील अनेकांनी अत्यवस्थ रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालताना जवळून पाहिलेही नव्हते आणि त्यांना थेट खाटेजवळ उभे करण्याचे धाडस आम्हाला होत नव्हते. पुन्हा साथ आली तर पहिले दोन-तीन दिवस सरावासाठी राखून ठेवावेत, असे मला वाटते. परंतु रुग्णाच्या जागी ठेवायचा, संगणकावर चालणारा महागडा पुतळा आमच्याकडे नाही. साध्या पुतळ्यावरचा सराव खरोखर उपयोगी पडतो का?

उत्तर (भूलतज्ज्ञ, राजारामपुरी)

निश्चित पडतो. हृदय बंद पडलेल्या रुग्णाची छाती दाबणे आणि त्याला श्वास देणे शिकवण्यासाठी जगभर वापरला जाणारा रिससी अ‍ॅन हा पुतळा १९६० मध्ये नॉर्वेतील एका खेळणी बनवणाऱ्यानेच तयार केला होता. साथीत हातापेक्षा क्रम अधिक चुकतो. नळीचा फुगा फुगवण्याआधीच अ‍ॅम्ब्यू बॅग (हाताने श्वास देण्याची पिशवी) दाबली गेली, फिल्टर बसवायचा राहून गेला किंवा नळीला चिमटा न लावताच व्हेंटिलेटर सोडवला, तर रुग्णाच्या श्वासातील विषाणू समोरच्यांच्या अंगावर येतात. २०२० मध्ये आम्ही वॉर्डातल्याच रिकाम्या खाटेवर पुतळा ठेवून सराव केला, तेव्हा पहिल्याच फेरीत लक्षात आले की सक्शनची (घशातील स्राव ओढून घेणारी) नळी उशापर्यंत पोहोचतच नाही. वर्गात हे कधीच कळले नसते. सरावाचा प्रसंग दहा मिनिटांचा ठेवा आणि चर्चेला वीस मिनिटे द्या, कारण आपले काय चुकले हे मुलांना तिथेच उमगते.

पीपीई किट उतरवण्याचा सरावही अवश्य घ्या. किटवर अतिनील दिव्याखाली चमकणारी पूड लावावी. उतरवल्यानंतर स्वतःच्या मानेवर आणि मनगटावर चमकणारे डाग पाहिलेला डॉक्टर पुन्हा घाई करत नाही.

उत्तर (अधिपरिचारिका, कसबा बावडा)

सरांचे म्हणणे पटते. मात्र सिस्टर आणि वॉर्डातील मदतनीस मामा-मावशी यांच्यावाचून हा सराव अर्धाच राहील. एन-९५ मास्क आणि त्यावर फेस शील्ड असली की शेजारी उभ्या माणसाचे बोलणेही नीट ऐकू येत नाही. डॉक्टरांनी नाव घेऊन ‘अ‍ॅड्रेनॅलिन एक मिलिग्रॅम’ असे सांगावे, त्या सिस्टरने ते तसेच परत म्हणावे आणि इंजेक्शन दिल्यावर ‘दिले’ असे मोठ्याने कळवावे, ही सवय सर्वांनी एकत्र सराव केल्याशिवाय लागत नाही.

उत्तर (निवासी डॉक्टर, तिसरे वर्ष)

एक गोष्ट राहिली. २०२१ च्या लाटेत मी इंटर्न होते. गडहिंग्लजकडच्या एका आजोबांची प्रकृती खालावल्याचे त्यांच्या मुलाला फोनवर सांगण्याचे काम माझ्याकडे आले आणि मी ‘सॅच्युरेशन कमी होतंय’ एवढेच पुन्हा पुन्हा सांगत राहिले. शेवटी ते म्हणाले, ‘‘मॅडम, बाबा वाचतील का, तेवढं सांगा.’’ त्या प्रश्नाची तयारी माझ्याकडून कोणीच करून घेतली नव्हती. एखाद्या सहकाऱ्याने नातेवाईक होऊन शेजारच्या खोलीतून फोन करावा. त्यासाठी पुतळाही लागत नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. पहिला प्रसंग फोनचाच ठेवते. आमच्या अतिदक्षता विभागातील सक्शनच्या नळ्या उद्या सकाळी सिस्टरांसोबत प्रत्येक खाटेला लावून पाहणार आहे.