आपल्या संग्रहातलं एक रॉक गाणं, कान देऊन ऐकलेलं : तुमचे अनुभव लिहा

संग्रहातलं एकच रॉक गाणं निवडा, हाताशी दुसरं काम न घेता ऐका आणि इतकी वर्षं निसटलेलं काय सापडलं ते लिहा. सुरुवात मी करते.

माझं गाणं पिंक फ्लॉइडचं 'विश यू वेअर हिअर', त्याच नावाच्या १९७५च्या अल्बममधलं. आधी कॅसेटवर होतं, आता सीडीवर आहे. खरं तर ते आधीच्या गाण्याच्या शेवटापासूनच ऐकायला हवं. 'हॅव अ सिगार' जोरात चाललेलं असताना आवाज एकाएकी आक्रसतो, छोट्या रेडिओतून आल्यासारखा होतो. मग स्टेशनं बदलल्याची खरखर, कुणाचं तरी बोलणं, क्षणभर चायकोव्हस्कीची चौथी सिंफनी. हे सगळं बँडचा गिटारवादक डेव्हिड गिल्मोर याच्या गाडीतल्या रेडिओवरून टिपलेलं आहे. त्यामागून येणारी बारा तारांची गिटारही तशीच बारीक ठेवली आहे. मग कुणीतरी खोकतं, नाक ओढतं, आणि दुसरी गिटार थेट आपल्या कानाशी, भरीव आवाजात सुरू होते. खोलीत एकटा बसलेला माणूस रेडिओवरच्या गिटारीला साथ करतोय! हेडफोनवर हे लक्षात आलं तेव्हा अंगावर काटा आला. सुटं गाणं लावलं की हा दुवाच तुटतो, म्हणून अल्बम सलग ऐका असा माझा आग्रह आहे.

*

याच गाण्याच्या शेवटी वाऱ्याचा आवाज आहे, तिथे कान लावा. जॅझ व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली तेव्हा ॲबी रोड स्टुडिओत पाश्चात्त्य शास्त्रीय व्हायोलिनवादक येहुदी मेनुहिन यांच्याबरोबर मुद्रण करत होते, त्यांना या गाण्यासाठी बोलावलं होतं. मूळ अल्बममध्ये त्यांचं व्हायोलिन असून नसल्यासारखं आहे. २०११च्या आवृत्तीत ते ठळक असलेलं रूप मिळतं. मला मात्र जुनंच आवडतं.

*

मी तबला वाजवतो, त्यामुळे कान आधी ठेक्याकडे जातो. लेड झेपेलिनचं 'सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू' (१९७०) शांतपणे ऐका. जॉन बॉनमच्या ड्रमचं पेडल कुरकुरतं, पायाच्या प्रत्येक दाबाबरोबर. एकदा ऐकू आलं की ऐकू येतच राहतं, आणि मला ते हवंसं वाटतं, कारण त्यातून वाजवणाऱ्याचा पाय दिसतो.

त्यांचंच 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' (१९७१) याच्या अगदी उलट. हॅम्पशरमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या घरात ड्रम जिन्याखालच्या हॉलमध्ये मांडले आणि माइक वर जिन्यात टांगले. त्या आघातात घराच्या भिंतीही वाजतात. चांगल्या डग्ग्याचा घुमारा ज्याला आवडतो, त्याने हे मोठ्या स्पीकरवर ऐकावं.

*

बाबांच्या संग्रहातून माझ्याकडे आलेलं बीटल्सचं 'अ डे इन द लाइफ', १९६७चं. शेवटचा पियानोचा स्वरमेळ विरत जातो तसतसा मुद्रण करणाऱ्यांनी आवाज वाढवत नेला आहे, त्यामुळे अगदी शेवटी स्टुडिओतली खुर्ची करकरलेलीही कळते. मूळ ब्रिटिश एलपीत याच्यानंतर, सुई उचलेपर्यंत फिरत राहणारी अर्थहीन बडबड आहे. तशी तबकडी कुणाकडे असेल तर ती वाजवून पाहिल्याचं जरूर लिहा.