मिरची 'दिली' म्हणे! कोणी?

ठसका: काल एका लेखात वाचलं, 'मिरची, बटाटा, काजू पोर्तुगीजांनी दिले, त्याचं तरी ऋण माना.' डोकं फिरलं. ऋण कुणाचं? मेक्सिकोतल्या आणि दक्षिण अमेरिकेतल्या अँडीजच्या डोंगरातल्या शेतकऱ्यांनी हजारो वर्षं बी निवडून ही पिकं घडवली. पोर्तुगीज नुसते हमाल. १४९२ मध्ये कोलंबस निघाला मसाल्यांच्या शोधात, मिरे सापडले नाहीत, मिरची सापडली. १५१० मध्ये गोवा घेतलं ते काय बियाणं वाटायला? आणि ज्यांची पिकं नेली त्यांना बदल्यात काय गेलं? देवीचा रोग! १५२० मध्ये मेक्सिकोतल्या ॲझ्टेक लोकांच्या राजधानीत साथ आली, पुढच्या वर्षी शहर पडलं.

बोंडू: हमाल नसता तर ठेचा कशाचा केला असता, मिऱ्यांचा? माझे आजोबा गोव्यात भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, बागेत काजूची बोंडं तुडवायचे. आधी उर्राक, म्हणजे पहिल्या धारेची दारू, मग फेणी. त्यावर आमच्या घरातली चार पोरं शिकली. पोर्तुगीजांच्या इन्क्विझिशनला, त्या धर्मछळाच्या कोर्टाला, शिव्या घाला, मीही घालतो. काजूला नको.

ठसका: काजूला कोण बोललं? तो शब्दसुद्धा मूळचा ब्राझीलमधल्या तुपी लोकांचा आहे.

भगर_आमटी: बटाटा, रताळं, शेंगदाणे, मिरची, साबुदाण्याचा कंद, सगळं अमेरिकेचं, आणि सगळं उपवासाला चालतं! पण मी खिचडीवर कोथिंबीर भुरभुरली तर सासूबाईंनी ताट सरकवलं. गंमत म्हणजे त्याच घरात श्राद्धाच्या स्वयंपाकात बटाटा वर्ज्य. म्हणजे देवाला चालतो, पितरांना नाही.

सदाशिव४११०३०: खिचडीत कोथिंबीर??

संत्रानगरी: आमच्याकडे घालतात. जिरंही. हळद तेवढी नाही.

सदाशिव४११०३०: जिरं एक वेळ समजू शकतो. कोथिंबीर घातली की ते पोहे.

संत्रानगरी: तुमच्याकडे खिचडीत साखर पडते, ते आधी बघा.

ठसका: अहो, विषय काय, चाललंय काय!

सदाशिव४११०३०: विषय तुम्हीच मिरचीचा काढलात. आम्ही त्याच कढईत आहोत.

भगर_आमटी: आणि साखर चिमूटभर हवीच, माफ करा.

पाटीपेन्सिल: जरा राजगिऱ्याकडे वळू? त्याची धान्याची जात मेक्सिकोकडची. ॲझ्टेक लोक त्याच्या पिठात गोड पाक घालून देवांच्या मूर्ती करायचे, पूजा झाली की प्रसाद म्हणून खायचे. स्पॅनिश पाद्र्यांना त्यात पाखंड दिसलं, त्यांनी ते बंद पाडलं. आज तिथे लाह्या आणि मधाची वडी मिळते, नाव 'आलेग्रिया', म्हणजे आनंद. फोटो बघून आईने विचारलं, ही चिक्की कुठल्या दुकानातली?

बोंडू: बघा, पीक तिकडे दडपलं गेलं आणि इकडे एकादशीला बसलं. कोणीतरी वाहून आणलंच ना?

ठसका: बरं बाबा, आणलं. हमाली देतो. पण 'दिलं' म्हणायचं नाही, 'पोचवलं' म्हणा. पोस्टमनला कोणी मनीऑर्डरचं श्रेय देतं का?

बोंडू: आमच्या गावात चहा तरी देतात.

संत्रानगरी: चहा उपवासाला चालतो. कोथिंबीर नाही. वा!

सदाशिव४११०३०: चहाचं नाव काढू नका. तो वेगळा धागा काढा.