मदत हवी आहे: आमच्या भागात ५जी नेमकं कुठवर पोचलंय हे कसं शोधायचं?

घाईत_आहे
कंपनीच्या नकाशावर आमचा अख्खा परिसर रंगवून टाकलाय. फोनच्या कोपऱ्यात ५जी दिसतंही. वेग मात्र जुनाच. रस्ता ओलांडला की सुसाट, परत अलीकडे आलं की रडगाणं सुरू. कुठला टॉवर चालू झालाय आणि कुठला व्हायचाय, हे घरबसल्या बघायची काही सोय आहे का? ग्राहक सेवेकडे 'लवकरच' यापलीकडे उत्तर नाही. जाणकारांनी जरा लवकर सांगा, निर्णय घ्यायचाय.

आगाऊ_कार्टं
फोन कोणता? वेग किती येतो? घरात मोजला की गच्चीवर? निर्णय कसला? का आम्ही पत्रिका मांडून बसू?

घाईत_आहे
फोन ५जीच आहे हो. सिमही.

आगाऊ_कार्टं
धन्य आहे.

चकटफू
डोकं कशाला शिणवता, सेटिंगमध्ये जाऊन ४जीवर टाका. बॅटरी जास्त टिकते. मी तर तसंच ठेवलंय.

मनोऱ्याखाली
चकटफू, त्यांनी बॅटरीचं विचारलेलंच नाही.
धागाकर्ते, कोपऱ्यातल्या चिन्हावर जाऊ नका. बऱ्याच कंपन्या ५जीची सुरुवात ४जीच्या आधारानेच करतात, त्याला एनएसए म्हणतात. फोन आधी ४जीला जोडला जातो आणि डेटा लागला की वरून ५जीची जोड मिळते. यात ४जीचा टॉवर 'माझ्याकडे ५जीची सोय आहे' अशी खूण सतत प्रसारित करत असतो, आणि कित्येक फोन तेवढ्यावरच ५जीचं चिन्ह लावून मोकळे होतात. ५जीचा सिग्नल तुमच्यापर्यंत खरोखर येतोय का, हे त्यातून कळत नाही.
अँड्रॉइड असेल तर नेटमॉन्स्टर नावाचं ॲप टाका. एखादी मोठी फाइल उतरवायला लावा आणि ती चालू असतानाच 'एनआर' (म्हणजे ५जीचा सिग्नल) नावाची ओळ येते का पाहा. आली तर तिचा बँड (लहरींचा पट्टा), पीसीआय (टॉवरच्या त्या दिशेच्या भागाचा, म्हणजे सेलचा, छोटा क्रमांक) आणि आरएसआरपी (सिग्नलची ताकद, उणे आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला) इथे लिहा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे आकडे हवेत.

इतिहासाचार्य
चिन्हाचं म्हणाल तर अमेरिकेत २०१९ मध्ये एटी अँड टीने चक्क ४जीवर चालणाऱ्या फोनांवर '५जी ई' झळकवलं होतं. स्प्रिंट या प्रतिस्पर्धी कंपनीने दावा ठोकला होता त्यावरून.

नकाशेवाला
एवढं सगळं कशाला? सेलमॅपर उघडा. लोकांच्या फोनांनी गोळा केलेल्या नोंदींवरून टॉवर नकाशावर दिसतात. मी कुठल्याही नव्या ठिकाणी गेलो की आधी तेच बघतो.

मनोऱ्याखाली
४जीसाठी उत्तम. पण एनएसए असेल तर अँड्रॉइडच्या ॲपला ५जी सेलचा पूर्ण ओळखक्रमांक मिळत नाही, नुसता पीसीआय मिळतो. तो ० ते १००७ मधला आकडा, थोड्या अंतरावर पुन्हा वापरलेला असतो. शिवाय टॉवरची जागा नोंदींवरून अंदाजानेच काढतात, कोणी हाताने दुरुस्त केली नसेल तर ती भलतीकडेही असते.

नकाशेवाला
अंदाज असला तरी कंपनीच्या रंगीत नकाशापेक्षा बरा! तो तर संगणकाने काढलेला, भिंत नाही की झाड नाही.

मनोऱ्याखाली
हे मात्र मान्य.

सफरचंद
आयफोनवर सेलमॅपर का नाही मग?

नकाशेवाला
ॲपल बाहेरच्या ॲपना सेलची माहिती देत नाही. *३००१#१२३४५#* डायल करा, फील्ड टेस्ट उघडेल, त्यात आकडे दिसतील. नोंद मात्र हातानेच करायची.

काळजीवाहू
तुम्ही सगळे वेगाच्या मागे, या लहरी शरीराला काय करतात याचा कोणी विचार करतंय का?

इतिहासाचार्य
जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओ लहरी '२बी' गटात टाकल्या, म्हणजे 'कदाचित, पण पुरावा तुटपुंजा'. तेव्हा ५जी अजून यायचं होतं. उलट २०२० मध्ये ब्रिटनमध्ये अफवेपायी लोकांनी टॉवर जाळले, त्याचं नुकसान मात्र खरं होतं.

आगाऊ_कार्टं
यासाठी वेगळा धागा काढा की. इथे माणूस अडलाय.

घाईत_आहे
घ्या आकडे. घरात खिडकीपाशी: एन७८, आरएसआरपी -११३, पीसीआय ४१२. रस्त्यापलीकडे: एन७८, -८२, पीसीआय तोच. निर्णय असा की घरचं तारेचं इंटरनेट सारखं मोडतंय, ते काढून ५जीचा डबा बसवायचा विचार आहे.

मनोऱ्याखाली
हे आधी का नाही सांगितलं! पीसीआय दोन्हीकडे तोच, म्हणजे घरातही तुम्हाला पलीकडचाच सेल मिळतोय, तोही कसाबसा. एन७८ म्हणजे ३३०० ते ३८०० मेगाहर्ट्झ, भिंतीतून तो ७०० च्या एन२८ इतका सहज जात नाही. तुमच्या बाजूचा ४जी टॉवर जवळ आहे का? त्यावर काय लावलंय ते नीट बघा. ४जीचे अँटेना लांबट पट्ट्यांसारखे, ५जीचं मॅसिव्ह मिमो (अनेक छोट्या अँटेनांचं) खोकं त्यामानाने आखूड आणि रुंद.

घाईत_आहे
बघून आलो. तीन पट्ट्या आहेत, त्यांच्या खाली एकच चौकोनी खोकं. तोंड आमच्याकडे नाही.

मनोऱ्याखाली
तीन पट्ट्या म्हणजे तीन दिशा, साधारण १२०-१२० अंशांच्या. खोकं एकाच दिशेला, म्हणजे तुमच्या दिशेचं काम व्हायचंय. आणि खोकं चढलं म्हणजे चालू झालं असंही नाही. वीज, फायबर, जुळवणी सगळं व्हावं लागतं. खिडकीत ४१२ सोडून दुसरा पीसीआय, -९० च्या आसपास दिसायला लागला की तुमचा सेल चालू झाला असं धरा.
तोवर तार तोडू नका. सेल सुरू झाल्यावरही रात्री गर्दीच्या वेळी मोजा, अपलोडसकट. सिग्नल चांगला असून वेग पडत असेल तर दोष तुमच्या घराचा नाही. सेलवर गर्दी आहे किंवा टॉवरला मागून येणारी जोडणी अपुरी आहे.

नकाशेवाला
किंवा डब्याचा अँटेना बाहेर, पलीकडच्या टॉवरकडे तोंड करून लावा. -८२ मिळतोय ना तिकडे?

मनोऱ्याखाली
रस्त्यावर मिळतोय, खिडकीबाहेर किती ते अजून मोजलेलं नाही. मध्ये काय आहे, झाडं की इमारत?

घाईत_आहे
इमारत. तार ठेवतोय सध्या. खोक्याकडे लक्ष ठेवून आहे.

नवखी_सभासद
आमच्याकडे ४जीच धड येत नाही. याच धाग्यात विचारलं तर चालेल का?