‘प्रकाशाची बदलती चाल’ : यातला ‘स्थिरांक’ नेमका कोणता?

सांगलीत नववीला विज्ञान शिकवते. परवा बोलता बोलता विषय निघाला, की विश्वाच्या सुरुवातीला प्रकाश आजच्यापेक्षा कितीतरी वेगानं धावत असेल, असं काही शास्त्रज्ञ मांडतात. मागच्या बाकावरची मुलगी उठली. “बाई, बदलतो तर त्याला स्थिरांक कशाला म्हणायचं?” तास संपला, पण प्रश्न डोक्यातून जाईना. या कल्पनेला मराठीत काय म्हणावं? ‘परिवर्ती प्रकाशवेग’? आणि ‘बदलता स्थिरांक’ हा शब्दप्रयोग चालेल का?

मिरजेहून :
बाई, ‘परिवर्ती’ नको, जड होतं. आणि ‘वेग’ही नको. वेगाला दिशा असते, चालीला नसते, हे तुम्हीच मुलांना शिकवता. इथे दिशेचा प्रश्न नाही. ‘बदलती चाल’ म्हणा. घोड्याची चाल बदलते, एकाच पदाला दुसरी चाल लावता येते. नाटकांच्या गावात हे वेगळं सांगायला नको. ‘प्रकाशवेग’ रुळलाय हे खरं, पण वर्गात तरी ‘चाल’च असावी.

सांगलीतून, पाटबंधारे खात्यातून निवृत्त :
‘चाल’ मान्य. माझी अडचण ‘बदलती’ची आहे.

पावसाळ्यात आम्हा सांगलीकरांचं लक्ष आयर्विन पुलाच्या पाणीपातळीकडे असतं. 40 फूट इशारा, 45 फूट धोका. 2019 ला कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. आता समजा, ती फुटांची पट्टीच पाण्यावर तरंगत वर गेली असती तर? पाणी घरात शिरलं असतं आणि पट्टी मात्र तोच आकडा दाखवत राहिली असती.

मीटरचं असंच आहे. 1983 पासून मीटरची व्याख्याच प्रकाशावरून करतात : सेकंदाच्या 29,97,92,458 व्या भागात प्रकाश निर्वातात जेवढं अंतर कापतो तो एक मीटर. प्रकाशाची चाल बदलली तर मीटरही तिच्यासोबत बदलणार, आणि मोजणारा तोच आकडा वाचणार. यात मापात पाप नाही, उलट माप चोख व्हावं म्हणूनच ही व्याख्या केली. पण त्यामुळे ‘चाल बदलली’ हे वाक्य अर्धंच राहतं. आपण मराठीत लगेच विचारतो, कशाच्या मानानं? तापमान, पर्जन्यमान यांतलं ‘मान’ म्हणजे मापच.

आता तुमच्या मुलीचा प्रश्न. स्थिरांक म्हणजे स्थिर अंक. प्रकाशाची चाल किलोमीटरमध्ये सेकंदाला सुमारे 3 लाख, कोसात मोजली तर दुसराच आकडा. म्हणजे तो अंक प्रकाशाचा एकट्याचा नाही, निम्मा आपल्या पट्टीचा आहे. खरा अंक वेगळा आहे. इलेक्ट्रॉनचा विद्युतभार, प्लांकचा स्थिरांक (अणूंच्या सूक्ष्म जगाच्या गणितातला मूलभूत आकडा) आणि प्रकाशाची चाल यांच्या जुळणीतून सूक्ष्मरचना स्थिरांक निघतो, सुमारे 1/137. त्यात सगळी एककं कटतात. फुटात मोजा, कोसात मोजा, 137 चे 137. म्हणून पारखायचं झालं तर शास्त्रज्ञ हाच अंक पारखतात. आफ्रिकेत गॅबॉनमधल्या ओक्लोच्या खाणीत सुमारे 200 कोटी वर्षांपूर्वी निसर्गतःच अणुभट्टी पेटली होती. 1972 मध्ये तिचा शोध लागला. तिथल्या समॅरियम या मूलद्रव्याच्या प्रमाणावरून दिसतं, की तेव्हाही हा अंक जवळजवळ आजचाच होता. दूरच्या क्वेसारांच्या (आकाशगंगांच्या अतिप्रखर केंद्रांच्या) प्रकाशात लाखात एखाद्या भागाचा फरक दिसल्याचा दावा 1999 पासून होतोय. तो वाद अजून मिटलेला नाही.

मूळ प्रश्नकर्ती :
काका, पट्टीचं पटलं. मग एवढी अडचण असताना ही कल्पना मांडायची गरज का पडली?

निवृत्त काका :
क्षितिजामुळे. हाही शब्द आपला आणि नेमका बसलेला. आकाशाच्या दोन विरुद्ध टोकांकडून येणाऱ्या आद्य प्रारणाचं, म्हणजे विश्वाच्या बालपणी निघालेल्या उजेडाचं, तापमान एकच, सुमारे 2.7 केल्विन, फरक लाखात एक भाग. पण ते प्रारण निघालं तेव्हा ती दोन ठिकाणं एकमेकांच्या क्षितिजापलीकडे होती, इकडची ऊब तिकडे जायला वेळच नव्हता. भौतिकशास्त्रज्ञ ॲलन गुथ यांनी 1981 मध्ये उत्तर दिलं, की विश्व क्षणात प्रचंड फुगलं. मॉफट या भौतिकशास्त्रज्ञांनी 1993 मध्ये आणि अल्ब्रेख्त व मॅगेइजो या दोघांनी 1999 मध्ये दुसरी वाट धरली : तेव्हा प्रकाशच खूप वेगानं धावत होता, म्हणून गाठभेट झाली. बहुतेक शास्त्रज्ञ पहिल्या वाटेनं जातात. पण दुसरीला वेडगळ म्हणून झिडकारू नये, ‘स्थिर’ हे गृहीत कशावर उभं आहे ते तिनं तपासायला लावलं.

मूळ प्रश्नकर्ती :
ठरलं मग. फळ्यावर ‘प्रकाशाची बदलती चाल’ लिहीन, खाली ‘कशाच्या मानाने?’. ‘बदलता स्थिरांक’ गाळते, त्याऐवजी ‘हा अंक स्थिर आहे का?’ असं विचारीन. उद्या त्या मुलीलाच पट्टी घेऊन पुढे बोलावते. बाकाची लांबी-रुंदी आधी इंचात, मग सेंटिमीटरमध्ये, आणि दोन्ही वेळा लांबी भागिले रुंदी. उत्तर सारखं आलं की मग 137 चा विषय काढते.