ट्रायला (टेलिकॉम कंपन्यांसाठी नियम करणारी सरकारी संस्था) मेल केला तर त्यांनी तो कंपनीलाच फॉरवर्ड केला, मग ट्राय आहे कशाला?

वैतागलेला_ग्राहक:
नंबर पोर्ट करून पाच महिने झाले, शेवटचं बिल भरलंय, पावती आहे. तरी जुनी कंपनी दर महिन्याला बिल पाठवतेय आणि आता वसुलीवाल्यांचे फोन सुरू झालेत, परवा एकाने थेट आईला फोन लावला. कस्टमर केअरला चार वेळा तीच रामकहाणी सांगितली, दर वेळी दोन तासांत मेसेज येतो "आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे". डोंबलाचं निराकरण! शेवटी ट्रायला मेल टाकला तर उत्तर आलं की वैयक्तिक तक्रारींवर निर्णय द्यायचा अधिकार आम्हाला नाही, तुमची तक्रार कंपनीकडे पाठवलीय. म्हणजे चोराच्याच हातात किल्ल्या. सरळ ट्रायवरच केस टाकता येते का?

डॉकेट_बहाद्दर:
अरे थांब, केस कसली टाकतोस. ट्राय खोटं बोलत नाहीये, १९९७ च्या कायद्यात त्यांना एकेकाच्या भांडणात निवाडा करायचा अधिकार दिलेलाच नाही. ते नियम करतात, कंपनीने पाळले नाहीत तर दंड लावू शकतात, पण तुझं बिल रद्द कर असा आदेश नाही देणार. मात्र २०१२ चे तक्रार निवारणाचे नियम त्यांचेच आहेत आणि त्यातच तुझा रस्ता आहे. पहिली पायरी कंपनीचं तक्रार केंद्र, तिथे डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, मिळतो. समाधान नाही झालं तर दुसरी पायरी अपील अथॉरिटी, ३० दिवसांत अपील करायचं, फी नाही, आणि त्यांनी ३९ दिवसांत निकाल द्यायचा. ही अथॉरिटी पण कंपनीचीच असते हे खरंय, पण तिच्यासोबत जी सल्लागार समिती असते तिच्यात ट्रायकडे नोंदलेल्या ग्राहक संघटनेचा माणूस बसतो, त्यामुळे कॉल सेंटरच्या पोपटपंचीपेक्षा बरं. चारही डॉकेट नंबर आहेत ना?

वैतागलेला_ग्राहक:
तीन आहेत, एक मेसेज डिलीट झाला 😑 पण ते सगळे क्लोज दाखवतात, मग अपील कशावर करायचं?

डॉकेट_बहाद्दर:
क्लोज झालं म्हणूनच तर अपील! निराकरण झाल्याचा मेसेज आला की ३० दिवस मोजायला लागायचे. लोक इथेच फसतात, परत नवी तक्रार, परत नवी तक्रार, आणि अपील कोणी करतच नाही. सगळ्यात ताजा डॉकेट धर. पोर्ट झाल्याचा मेसेज, शेवटच्या बिलाची पावती आणि नंतर आलेली बिलं जोड. वसुलीवाल्याने आईला फोन केला त्याची तारीख आणि नंबर पण लिही, कॉल लॉगचा स्क्रीनशॉट आत्ताच काढून ठेव.

तारीख_पे_तारीख:
आणि तिथेही काही झालं नाही तर ग्राहक आयोगात जायचा विषय सोडा, टेलिकॉमच्या तक्रारी तिथे घेत नाहीत. टीडीसॅटमधे, म्हणजे टेलिकॉमचे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणात, जावं लागतं.

काळा_कोट:
नाही हो, ही जुनी गोष्ट झाली. २००९ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे, टेलिग्राफ कायद्यातलं लवादाचं कलम दाखवून, कंपन्या ग्राहक मंचातून (आताचा ग्राहक आयोग) सुटायच्या. फेब्रुवारी २०२२ मधे सुप्रीम कोर्टानेच सांगितलं की मोबाइल ग्राहकाला ग्राहक मंचात जाता येतं. उलट एकट्या ग्राहकाची तक्रार टीडीसॅटमधे चालत नाही, तिथे ग्राहकांचा गट जाऊ शकतो. आता जिल्हा आयोगात आपण राहतो तिथे केस टाकता येते, सेवेसाठी भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षांची.

आता ट्रायवर केस. आधी ट्राय नियमही करायचं आणि कंपन्यांमधले वादही ऐकायचं, २००० मधे कायदा बदलून वाद टीडीसॅटकडे दिले. ट्रायच्या आदेशावर अपील तिथे, तिथून सुप्रीम कोर्ट. पण ट्रायने केलेल्या रेग्युलेशनलाच आव्हान द्यायचं तर टीडीसॅट चालत नाही, हायकोर्टात रिट याचिका करावी लागते, हे २०१३ मधे ठरलं. आणि ही आव्हानं बहुतेक कंपन्याच देतात. कॉल ड्रॉपचं आठवतं का? प्रत्येक तुटलेल्या कॉलला १ रुपया, दिवसाला जास्तीत जास्त ३, हा नियम १ जानेवारी २०१६ पासून लागू होणार होता. कंपन्या दिल्ली हायकोर्टात हरल्या, पण मे २०१६ मधे सुप्रीम कोर्टाने नियमच उडवला. कॉल नेहमी कंपनीच्याच चुकीने तुटतो असं नाही, ग्राहकाकडूनही तुटतो, हे ट्रायच्याच कागदांत असताना सगळा भार कंपनीवर टाकला, म्हणून मनमानी ठरलं. मला तेव्हा राग आला होता, पण निकाल वाचल्यावर वाटलं ट्रायने घाई केली.

वैतागलेला_ग्राहक:
तीन रुपयांसाठी सुप्रीम कोर्ट 😂 बरं, शेवटच्या क्लोजच्या मेसेजला आज २२ दिवस झालेत, म्हणजे आठ दिवस आहेत. आज रात्रीच अपील टाकतो. वसुलीवाल्याचा आत्ता परत फोन आला होता, त्याला डॉकेट नंबर सांगितला तर म्हणे "ते काय असतं सर?"